अर्थकारणाची शिखरे आणि श्रावकाची वही

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित युवक-पालक मेळाव्यातील व्याख्यान)



पन्नास वर्षांपूर्वी पिंपरी-चिंचवड परिसरातील जैन कुटुंबात मुलगा बी. कॉम. झाला, की त्याचे पुढे काय होणार हा प्रश्न फारसा पडत नसे. पदवीचे प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लागे आणि मुलगा दुसऱ्या दिवशी दुकानाच्या गादीवर बसे. कोणाचे किराणा मालाचे दुकान, कोणाचे कापडाचे, कोणाची लोखंड-पोलादाची वखार, तर कोणाचे भोसरीत चार यंत्रांचे छोटे वर्कशॉप. शिक्षण हा अलंकार होता. उपजीविका पेढीवर होती.

आज चित्र पालटले आहे. चिंचवड, निगडी, आकुर्डी, भोसरी, चाकण या गावांतील आपल्या समाजाची मुले आणि त्यांच्या बरोबरीने मुलीही सनदी लेखापाल होतात, व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशपरीक्षा देतात, गुंतवणूक विश्लेषकाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तीन पायऱ्या चढतात. त्यांच्या बोलण्यात आता वांद्रे-कुर्ला संकुल, गांधीनगरजवळील गिफ्ट सिटी, सिंगापूर आणि लंडन ही नावे येतात. कंपन्यांचे विलीनीकरण, भागविक्री, निधी व्यवस्थापन, जोखीम मोजण्याचे गणित ही त्यांची स्वप्ने आहेत.

या स्वप्नांपुढे घरातील वडीलधारी मंडळी काहीशी गोंधळून उभी राहतात. भोसरीत वर्कशॉप चालविणाऱ्या एखाद्या पित्याची कल्पना करावी. तीस वर्षे त्याने मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविले, बँकेचे कॅश क्रेडिट कधी थकू दिले नाही आणि त्याच बळावर मुलाला शिकविले. आता मुलगा म्हणतो, मला वर्कशॉपमध्ये यायचे नाही, मला मोठ्या अर्थसंस्थेत जायचे आहे. पित्याच्या मनात दोन शंका येतात. पहिली शंका वर्कशॉपची: ते पुढे कोण पाहील? दुसरी अधिक खोल असते आणि ती तो सहसा बोलून दाखवीत नाही. जिथे वस्तू घडत नाही, केवळ पैशातून पैसा निर्माण होतो, त्या व्यवसायात मुलगा आपले संस्कार टिकवू शकेल का?

या दुसऱ्या शंकेचा विचार करणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे. मुलाची महत्त्वाकांक्षा खोडून काढणे हे तिचे उत्तर होऊ शकत नाही, आणि शंकेला जुनाट म्हणून हसणे हेही नाही. उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. त्याचा एक भाग आपल्याच आकुर्डीत आहे, दुसरा मुंबईच्या इतिहासात आणि तिसरा प्रत्येक श्रावक प्रतिक्रमणात उच्चारतो त्या पाठात.

यंत्रांच्या भूमीत उगवलेले अर्थकारण

पिंपरी-चिंचवडची ओळख यंत्रांची. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि त्यानंतर या माळरानावर एकामागून एक धुराडी उभी राहिली. या उभारणीत जैन समाजाचा वाटा मोलाचा होता. नगरचे कुंदनमल फिरोदिया हे वकील आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी उद्योगाची वाट धरली आणि १९५८ मध्ये जर्मन सहकार्याने बजाज टेम्पो या कंपनीचा पाया घातला गेला. शिकलेल्या घरातील मुलाने पित्याच्या व्यवसायाहून वेगळी वाट निवडणे हे तेव्हाही घडत होते, याची यावरून आठवण व्हावी.

आकुर्डीत बजाज ऑटोचा कारखाना साठच्या दशकात उभा राहिला. त्या काळी स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत थांबत. पुढे दिवस बदलले. स्पर्धा आली, स्कूटरची जागा मोटारसायकलने घेतली, उत्पादनाचा भार चाकणसारख्या नव्या कारखान्यांकडे गेला आणि २००७ मध्ये आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबली. अनेक कामगार कुटुंबांसाठी तो कठीण काळ होता.

परंतु त्याच समूहात आणखी एक रोप वीस वर्षे वाढत होते. १९८७ मध्ये बजाज ऑटो फायनान्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे आरंभीचे काम साधे होते: ज्यांच्याजवळ वाहनाची पूर्ण किंमत नाही त्यांना हप्त्याने वाहन मिळवून देणे. २००७-०८ मध्ये समूहाची पुनर्रचना होऊन वित्तव्यवसाय वाहननिर्मितीपासून वेगळा झाला. २०१० मध्ये कंपनीचे नाव बजाज फायनान्स असे झाले. आज तिचे नोंदणीकृत कार्यालय आकुर्डीतच आहे, आणि मार्च २०२५ अखेर तिच्या व्यवस्थापनाखालील कर्जमालमत्ता ४ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेलेली होती.

या घटनेतून पित्याच्या शंकेला एक उत्तर मिळते. अर्थकारण हे कारखान्याचे शत्रू नव्हे; ते त्याच्याच गरजेतून जन्मलेले अपत्य आहे. वाहन तयार होते, पण ते घेण्यास ग्राहकाकडे एकरकमी पैसा नसतो. सुटा भाग तयार होतो, पण त्याचे बिल तीन महिन्यांनी वटते. या दोन काळांमधले अंतर भरून काढण्याचे काम जो करतो तो अर्थव्यावसायिक. हे काम आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. हुंडी लिहिणारा सराफ हेच करीत असे. तेव्हा पैशाचा व्यवहार स्वभावतः अशुद्ध आहे, असे म्हणता येत नाही. तो कसा केला जातो, यावर त्याची शुद्धता ठरते.

प्रेमचंद रायचंद : उंची आणि पडझड

अर्थक्षेत्रात शिखर गाठू पाहणाऱ्या जैन तरुणाने एक जीवनकथा अवश्य अभ्यासावी. ती आहे प्रेमचंद रायचंद यांची. जन्म १८३१ चा, सुरतचा. वडील उद्योगासाठी मुंबईत आले आणि मुलगा एल्फिन्स्टन संस्थेत शिकला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन व्हायचे होते, त्यामुळे पदवीचा प्रश्नच नव्हता. परंतु इंग्रजी बोलता, वाचता आणि लिहिता येणारे पहिले भारतीय शेअरदलाल म्हणून त्यांची नोंद होते. त्या काळी बँकांचे आणि युरोपीय पेढ्यांचे व्यवहार इंग्रजीत चालत. विशीतील या तरुणाने आपल्या शिक्षणाच्या बळावर त्या दारांतून प्रवेश मिळविला. आजच्या भाषेत बोलायचे, तर उच्च अर्थकारणात शिरलेला तो आपल्या समाजाचा पहिला सुशिक्षित तरुण.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला, मुंबईच्या कापसाचे भाव गगनाला भिडले आणि शहरात सोन्या-चांदीचा पूर आला. हा पैसा नव्या कंपन्यांच्या भागांत शिरला. बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन मिळविण्याच्या कंपन्या रोज निघू लागल्या. प्रेमचंद हे त्या बाजाराचे अनभिषिक्त राजे मानले जाऊ लागले. कोणत्या कंपनीचे भाग कोणाला मिळावेत, कोणाला बँकेने कर्ज द्यावे, याबाबत त्यांचा शब्द चाले. बँक ऑफ बॉम्बेने तर भागांच्याच तारणावर सढळ हाताने कर्जे दिली.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. कापसाचे भाव कोसळले. पुढील तारखेच्या वायद्यांची मुदत १ जुलै १८६५ रोजी होती. त्या दिवशी घेणारे होते, पण देण्यास कोणाजवळ पैसा नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांना विकावा लागला. असंख्य कुटुंबे उद्ध्वस्त झाली. पुढे बँकही बुडाली आणि तिच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली. प्रेमचंदांचे वैभवही गेले.

या कथेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भरभराटीच्या काळात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले होते. मनोऱ्याला आईचे नाव द्यावे, एवढीच इच्छा होती. १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आजही त्या आईचे नाव मिरवीत उभा आहे. राजाबाईंची दृष्टी गेलेली होती आणि मनोऱ्याच्या घंटेवरून त्यांना वेळ कळून सूर्यास्तापूर्वी भोजन घेता येई, अशी आख्यायिका सांगितली जाते. कोलकाता विद्यापीठातील प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीने तर पिढ्यान्‌पिढ्या विद्वान घडविले. पडझडीनंतर प्रेमचंद व्यापारात पुन्हा उभे राहिले आणि १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या दलालांचे सौदे झाडाखाली होत, त्यांनी १८७५ मध्ये मुंबईत जी संघटना स्थापन केली, तिचेच रूप म्हणजे आजचा मुंबई शेअर बाजार. तिच्या संस्थापकांत प्रेमचंदांची गणना होते.

या जीवनातून काय घ्यावे? बुद्धी, शिक्षण, औदार्य, मातृभक्ती हे सारे तेथे होते. मग कमी काय होते? कमी होती ती मर्यादा. जो पैसा कर्जाच्या तारणावर उभा होता, त्याच्याच तारणावर आणखी कर्ज घेतले गेले. बँकेत ठेवलेला पैसा परक्यांचा आहे, याचा विसर पडला. दान मोठे होते, पण दानाने व्यवहारातील दोष भरून निघत नाही. ही गोष्ट कटू असली, तरी सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी ती स्पष्टपणे बोलली गेली पाहिजे. कारण दात्याच्या नावाची पाटी लावताना त्या दानामागील वही कशी आहे, हे विचारण्याची प्रथा आपल्याकडे क्षीण होत चालली आहे.

प्रतिक्रमणातील पाच शब्द

आता त्या पाठाकडे वळू या. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आचार्य उमास्वातींनी गृहस्थाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. सत्याणुव्रताचे अतिचार पाच आहेत: मिथ्योपदेश, रहोभ्याख्यान, कूटलेखक्रिया, न्यासापहार आणि साकारमंत्रभेद. लहानपणापासून हे शब्द कानावर पडतात, पण त्यांचा अर्थ वाण्याच्या दुकानापुरता राहिला आहे, असा समज असतो. प्रत्यक्षात अर्थक्षेत्रातील नोकरीच्या पहिल्या दिवशी तरुणाच्या हाती द्यावी अशी ही आचारसंहिता आहे.

मिथ्योपदेश म्हणजे खोटा किंवा अहितकारक सल्ला. निवृत्त शिक्षकाला त्याच्या गरजेची नसलेली विमा योजना केवळ आपल्या दलालीसाठी विकणे, हा मिथ्योपदेश. त्यात एकही वाक्य असत्य नसेल. परंतु सल्ला घेणाऱ्याचे हित त्यात नाही. महिन्याअखेरचे उद्दिष्ट पूर्ण करण्याचा दबाव तरुण अधिकाऱ्यावर येतो, तेव्हा हाच अतिचार त्याच्या टेबलावर येऊन बसतो.

रहोभ्याख्यान म्हणजे कोणाच्या एकांतातील गोष्टी उघड करणे. ग्राहकाचे उत्पन्न, त्याचे कर्ज, घरातील अडचण ही माहिती आज एका कळीवर दुसऱ्याच्या हाती जाते. ती विकणारा आणि ती विकत घेणारा दोघेही या अतिचाराचे धनी होतात.

कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लिखाण, खोटा दस्तऐवज. १९९२ मध्ये उघडकीस आलेल्या रोखे घोटाळ्याचे मूळ काय होते? ज्यांच्यामागे रोखेच नव्हते अशा बँक पावत्या. जानकीरामन समितीने त्या व्यवहारांतील रक्कम सुमारे चार हजार कोटी रुपये असल्याचे दाखविले. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी कबुली दिली, की ताळेबंदातील पाच हजार कोटींहून अधिक रक्कम अस्तित्वातच नव्हती. त्या ताळेबंदावर लेखापरीक्षकांच्याही सह्या होत्या. सनदी लेखापाल होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे, की सही ही अक्षरे नसून साक्ष असते.

साकारमंत्रभेद म्हणजे कोणाची गुप्त मसलत हेरून ती बाहेर फोडणे. याचे उदाहरण साऱ्या जगाने पाहिले. दिल्लीच्या आय. आय. टी. मधून आणि हार्वर्डमधून शिकलेले, मॅकिन्झीसारख्या संस्थेच्या सर्वोच्च पदी पोहोचलेले रजत गुप्ता हे गोल्डमन सॅक्स या बँकेचे संचालक होते. सप्टेंबर २००८ मध्ये वॉरन बफे यांची संस्था त्या बँकेत ५ अब्ज डॉलर्स गुंतविणार असल्याचा निर्णय बैठकीत झाला. तो जाहीर होण्यापूर्वीच एका निधी व्यवस्थापकाला कळला. २०१२ मध्ये न्यायालयाने गुप्ता यांना दोषी ठरवून दोन वर्षांच्या कारावासाची शिक्षा दिली. अर्थक्षेत्रात भारतीय तरुण जितके उंच जाऊ शकतो, तितके ते गेले होते. घसरण झाली ती ज्ञानाच्या अभावी नव्हे. दोन सहस्रकांपूर्वी ज्याला साकारमंत्रभेद म्हटले गेले, त्यालाच आजचा कायदा अंतर्गत माहितीवर आधारित व्यवहार म्हणतो.

राहिला न्यासापहार. न्यास म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू, आपल्या रोजच्या भाषेत ठेव. प्रतिक्रमणाच्या पाठात यालाच ‘थापणमोसो’ म्हटले जाते. दुसऱ्याने ठेवलेले धन नाकारणे किंवा ते आपले समजून वापरणे हा तो दोष. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने पुण्याच्या रुपी सहकारी बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा ठेव म्हणजे काय, याचा अर्थ आपल्या जिल्ह्यातील अनेक घरांना कळून चुकला. २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा पाच लाख रुपये झाली आहे, हा दिलासा खरा. तथापि विमा पैसा परत देतो, विश्वास परत देत नाही.

माप आणि मर्यादा

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे घेताना एक माप व देताना दुसरे माप, हा एक दोष सांगितला आहे. तराजू आज दिसत नाही, पण माप कायम आहे. एक साधे उदाहरण पाहावे. कोणी एक लाख रुपये बारा महिन्यांच्या समान हप्त्यांनी दिले आणि ‘व्याज सरसकट १२ टक्के’ असे सांगितले. वर्षाचे व्याज १२,००० रुपये, हप्ता ९,३३३ रुपये. ऐकणाऱ्याला वाटते, दर बारा टक्क्यांचा आहे. परंतु मुद्दल दरमहा परत जात असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर मोजलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला, तर खरा वार्षिक दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. आकडे सारे खरे, माप मात्र खोटे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक आणि लघुउद्योगांच्या कर्जांसाठी सर्व खर्चासह वार्षिक दर दाखविणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक केले, ते याच कारणाने.

त्याच यादीतील प्रतिरूपक व्यवहार म्हणजे चांगल्या मालात हलका माल मिसळून विकणे. अमेरिकेत २००८ पूर्वी परतफेडीची क्षमता नसलेल्यांची गृहकर्जे एकत्र बांधून, त्यांवर उत्तम प्रतीचा शिक्का मारून ती जगभर विकली गेली. तुपात चरबी मिसळणाऱ्याहून हे वेगळे काय होते? १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही दीडशे वर्षांहून जुनी पेढी बुडाली. तिची झळ चाकणच्या कारखान्यांतील मागणीपर्यंत पोहोचली. ज्यांनी ते रोखे कधी पाहिलेही नव्हते, अशा आपल्या भोसरीच्या वर्कशॉपमधील पाळ्या कमी झाल्या.

पाचवे व्रत परिग्रहपरिमाणाचे. धन मिळवू नये, असे ते सांगत नाही. किती, हे आधी ठरवावे, एवढेच सांगते. जमीन, घर, सोने, चांदी, धन, धान्य यांची मर्यादा गृहस्थाने स्वतः लिहून ठेवायची असते. अर्थशास्त्राच्या भाषेत हेच जोखमीचे परिमाण. लेहमनची मालमत्ता तिच्या स्वतःच्या भांडवलाच्या सुमारे तीस पट झाली होती. म्हणजे मालमत्तेची किंमत तीन-चार टक्क्यांनी घसरली, तरी सारे भांडवल संपणार. आपल्याकडे आय. एल. अँड एफ. एस. समूहाने २०१८ मध्ये देणी थकविली, तेव्हा त्याचे एकूण कर्ज सुमारे ९१,००० कोटी रुपये होते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या प्रकल्पांत अल्पमुदतीचा पैसा अडकला होता. जुन्या पेढीवरचा मुनीम ज्याला ‘आज द्यायचे आणि दहा वर्षांनी यायचे’ म्हणून नाकारील, तो व्यवहार नामांकित तज्ज्ञांनी केला.

मर्यादेचा हा प्रश्न केवळ मोठ्या संस्थांचा नाही. तो आपल्या घरात भ्रमणध्वनीच्या पडद्यावर येऊन बसला आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेला. जो तरुण अशा सट्ट्याला अर्थक्षेत्रातील करिअर समजतो, त्याने एवढाच आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. महत्त्वाकांक्षा वेगळी आणि उतावळेपणा वेगळा. राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यातून आलेले सनदी लेखापाल मोतीलाल ओसवाल यांनी रामदेव अग्रवाल यांच्यासह १९८७ मध्ये मुंबईत व्यवसाय आरंभला, तो उपदलाल म्हणून. पायरीपासून सुरुवात करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पित्याचे वर्कशॉप आणि मुलाची विद्या

आता पुन्हा त्या भोसरीच्या घराकडे येऊ. मुलगा दूर गेला, की वर्कशॉप आणि विद्या यांचे नाते तुटते, असे पित्याला वाटते. ते तुटलेच पाहिजे, असे नाही.

या औद्योगिक पट्ट्यातील लहान कारखानदाराचे सर्वांत मोठे दुखणे कोणते, हे कोणालाही विचारावे. काम मिळते, माल जातो, बिल मात्र वेळेवर मिळत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे कमाल ४५ दिवसांत द्यावयाचे असतात. आयकर कायद्यातही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून अशी तरतूद झाली, की मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळेल. २०१७ पासून सुरू झालेल्या ‘ट्रेड्स’ या व्यवस्थेत पुरवठादाराचे स्वीकृत बिल संगणकीय मंचावर मांडले जाते, अनेक बँका त्यावर दर लावतात आणि सर्वांत कमी दराने त्याला तत्काळ पैसा मिळतो. खरेदीदाराने वेळेवर दिले नाही, तरी बँक पुरवठादाराकडे वसुलीस येत नाही. २०१२ पासून मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार या दोहोंनी लघु व मध्यम कंपन्यांसाठी स्वतंत्र मंच उघडले आहेत.

हे सारे मार्ग उपलब्ध असताना कित्येक कारखानदार आजही घर गहाण टाकून चढ्या व्याजाचे कर्ज घेतात, कारण या मार्गांची भाषा त्यांना येत नाही. ती भाषा त्यांच्याच मुलांनी शिकलेली आहे. मुंबईच्या काचेच्या इमारतीत बसणारी आपली कन्या रविवारी घरी आल्यावर वडिलांच्या कर्जाचा करार एकदा वाचून काढील, खरा दर मोजून दाखवील, शेजारच्या तीन कारखानदारांना ‘ट्रेड्स’वर नोंदणी करून देईल, तर तिच्या विद्येचे सोने झाले. त्यासाठी तिने मुंबई सोडण्याची गरज नाही. केवळ आकुर्डी विसरू नये. मुलीच्या शिक्षणावर खर्च करताना ‘ती परक्या घरी जाणार’ हा हिशेब अजून काही घरांत मांडला जातो. तो हिशेब आता बंद व्हावा.

पालकांनीही एक गोष्ट करावी. मुलाला नोकरी लागली, की पहिला प्रश्न पगाराच्या आकड्याचा असतो. नातेवाइकांत तोच आकडा फिरतो, विवाहाच्या परिचयपत्रातही तोच छापला जातो. हा प्रश्न विचारणारे घर मुलाला नकळत सांगत असते, की आकडा मोठा असेल तर बाकी काही विचारले जाणार नाही. त्याऐवजी घरात विचारले जावे: तू जे विकतोस, ते आपल्या आजीला विकशील का? ज्या कागदावर सही करतोस, तो पूर्ण वाचलास का? ज्या दिवशी वरिष्ठ चुकीचे काम सांगतील, त्या दिवशी नोकरी सोडून घरी आलास, तर या घराचे दार उघडे आहे, हे तुला ठाऊक आहे ना? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्या तरुणाला ठाऊक असते, तोच अर्थक्षेत्रात निर्भय राहू शकतो. घरच्या आधाराशिवाय व्रत पाळणे कठीण असते, आणि मोठ्या पगाराबरोबर मोठ्या घराचे हप्ते सुरू झाले, की ते अधिकच कठीण होते. परिग्रहाची मर्यादा ठरविणाऱ्या तरुणाला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य मिळते. या व्रताचा हा व्यवहारी लाभ क्वचितच सांगितला जातो.

न्यास

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधून हे विवेचन पूर्ण करावयाचे आहे. ज्या संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासाठी सारे जमले आहेत, तिला इंग्रजीत ट्रस्ट म्हणतात. आपल्या भाषेत न्यास. न्यासापहारातील न्यास तो हाच. समाजाने ठेवलेली ठेव सांभाळणे, हेच संस्थेचे स्वरूप आहे. विश्वस्तांनी दरवर्षी हिशेब लिहिले, लेखापरीक्षण करून घेतले, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला विवरणे सादर केली. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, तरी ते चुकवून चालत नाही. पन्नास वर्षे टिकलेली कोणतीही संस्था अशा कंटाळवाण्या वाटणाऱ्या प्रामाणिकपणावर टिकलेली असते. पावती पुस्तकातील ११ रुपयांची नोंद आणि अकरा लाखांची नोंद एकाच शाईने लिहिण्याची शिस्त येथे शिकता येते. अर्थक्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या तरुणाने एक वर्ष संस्थेच्या हिशेबनिसाला साहाय्य करावे. हजारो कोटींचा निधी सांभाळण्याची ती पहिली शाळा ठरेल.

चाकणच्याच खेड तालुक्यातील चासकमान गावी १९३७ मध्ये जन्मलेल्या एका कन्येने दीक्षा घेतली, पुढे त्या आचार्य चंदनाजी झाल्या. राजगीरच्या वीरायतनातून त्यांनी नेत्रसेवा आणि शिक्षण यांचे विशाल कार्य उभारले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी सर्वस्वाचा त्याग केला, आणि तरीही त्यांच्या कार्याला धनाची गरज होतीच. ते धन प्रामाणिकपणे मिळविणारे गृहस्थ नसते, तर रुग्णालये आणि विद्यालये उभी राहिली नसती. श्रमणाचा त्याग आणि श्रावकाचे शुद्ध अर्जन ही एकाच रथाची दोन चाके आहेत.

म्हणून युवक-युवतींनी शिखराकडे अवश्य जावे. दलाल स्ट्रीट असो, लंडन असो, वाट मोकळी आहे. बरोबर एक छोटी वही मात्र न्यावी. तिच्या पहिल्या पानावर ते पाच शब्द असावेत आणि दुसऱ्या पानावर स्वतः ठरविलेली मर्यादा. दर संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्यापूर्वी ती वही उघडावी. ज्यांची ठेव आपल्या हाती होती, त्या न पाहिलेल्या माणसांचीही तेव्हा आठवण व्हावी. भोसरीचा तो पिता याहून अधिक काही मागत नाही.

जय जिनेंद्र!